सेनापतीची मऊ काडी

फार फार मागे, दोन डोंगरांच्या बेचक्यात एक राज्य होतं. तिथल्या तरुण राजाचे दात दगडासारखे घट्ट होते. अख्खी सुपारी तो दाढेखाली धरून फोडायचा आणि कोण बघतंय का ते बघायचा.

राजा रोज अंगठ्याएवढ्या जाड बाभळीच्या काडीनं खसाखसा दात घासायचा. एका सकाळी त्याच्या मनात आलं, आपली प्रजाही अशीच दणकट दातांची हवी. त्यानं दवंडी पिटवली : 'आजपासून सगळ्यांनी बाभळीची जाड काडीच वापरायची आणि जोर लावून घासायचं. मऊ काडी हे भित्र्यांचं काम. ती जो वापरेल, त्यानं नगर सोडावं.'

काही जणांना ती काडी मानवली. पुष्कळांना नाही. म्हाताऱ्यांच्या हिरड्या सोलल्या, पोरांचे ओठ फाटले. लोक रक्त थुंकायचे, त्यावर माती लोटायचे आणि गप्प राहायचे.

राज्याचा सेनापती रायाजी आता म्हातारा झाला होता. राजाच्या वडिलांबरोबर तो लढाया लढला होता. बाभूळ घासून घासून त्याच्या हिरड्या सुजल्या, भाकरी चावेना. मग त्यानं सरळ करंजाची कोवळी काडी तोडली, टोक चावून मऊ केलं आणि घराच्या ओट्यावर, भर रस्त्यासमोर बसून हलक्या हातानं दात घासू लागला.

शेजाऱ्यानं हळूच सुचवलं, "मागच्या परसात बसा की. तिथं कोण बघतंय?"

"मी चोरी केलेली नाही," रायाजी म्हणाला. "लपू कशाला?"

बातमी दरबारात पोचली. राजानं त्याला बोलावून घेतलं.

"सेनापती, तुम्हीच भ्यालात, तर शिपायांनी काय करायचं?"

"महाराज, रणात मी रक्त सांडलं ते राज्यासाठी. लागलं तर पुन्हा सांडीन. पण तुमच्या हौसेपायी रोज सकाळी रक्त थुंकणार नाही. तुमच्या दातांना बाभूळ मानवते, तुम्ही वापरा. माझ्या हिरड्यांना काय सोसतं ते मला कळतं."

"म्हणजे हुकूम मोडणार?"

"मोडलाय, महाराज. उद्याही मोडेन."

दरबारात कुणी मान वर केली नाही. राजा लालबुंद झाला. "तलवार ठेवा आणि चालते व्हा."

रायाजीनं तलवार ठेवली आणि वेशीबाहेर ओढ्याकाठी झोपडी बांधली. तिथंही तो सकाळी उघड्यावरच बसायचा. एके दिवशी एक कासारीण येऊन शेजारी बसली. मग तिचा सासरा आला, मग वेशीवरचे पहारेकरी. कुणी करंजाची आणली, कुणी कडुलिंबाची बारीक काडी. एकाला बाभूळच आवडायची, त्यालाही कुणी अडवलं नाही.

हे कळताच राजा सगळ्यांना पकडायला निघाला. एवढ्यात दासी सांगत आली, की धाकटी राजकन्या अंबू कालपासून जेवली नाही. राजा तिच्याकडे गेला. अंबू तोंडावर हात धरून बसली होती.

"हात काढ बघू."

तिनं हात काढला. हिरडी सुजून काळीनिळी झाली होती.

"कुणी केलं हे?"

"मीच, आबा. तुम्ही सांगितलं तसा जोर लावला." मग हळूच म्हणाली, "मी भित्री नाही."

राजा तिथून उठला. तो एकटाच, पायी, ओढ्याकाठी गेला. त्याला बघून लोक उभे राहिले, पण हातातली काडी कुणी टाकली नाही.

"काका, परत चला," राजा म्हणाला. "तुम्हाला हुकमातून सूट दिली."

"मला एकट्याला सूट नको. हुकूम मागे घ्या. आणि तो चव्हाट्यावर, सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडानं."

राजा तसाच नगरात परतला. त्याच दिवशी चव्हाट्यावर उभं राहून तो म्हणाला, "मी चुकलो. ज्याला जी काडी सोसेल, ती त्यानं वापरावी."

रायाजीला तलवार परत मिळाली. अंबूची हिरडी करंजाच्या मऊ काडीनं बरी झाली. मात्र जे मुकाट्यानं घासत राहिले होते, त्यांच्यातल्या कित्येकांचे दात तोवर हलायला लागले होते, आणि ते पुन्हा घट्ट झाले नाहीत.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा : आपल्याला काय सोसतं ते आपण ओळखावं, आणि ते सांगताना समोर राजा असला तरी मान खाली घालू नये.