सोन्याचा तोडा आणि रुग्णशाळेची खिडकी

एका नगरात अच्युतशास्त्री नावाचे विद्वान राहत असत. त्यांचा अभ्यास मोठा होता, पण एखादा निवाडा दिला की त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. आपले चुकले तर नाही, ही शंका त्यांना घास गिळू देत नसे. तरी राजा त्यांनाच विचारी. स्वतःवर शंका घेणारा दरबारात तेवढा एकच होता.

त्या नगरात दर हिवाळ्यात बारा कोसांची दौड होई. वेशीपासून टेकडीपर्यंत जायचे आणि परत यायचे. बरेचसे नगरवासी रुग्णशाळेसाठी धावत. धावणारा जितके कोस पुरे करी, तितके धान्य त्याचे शेजारीपाजारी रुग्णशाळेला देत. शिवाय पाचसहा जण असे होते, की धावणे हाच त्यांचा धंदा. त्यांच्यातला जो पहिला येई त्याला राजा सोन्याचा तोडा देई. चार वर्षे तो तोडा सुभाना नेत होता आणि त्यावरच त्याचे घर चाले.

एका वर्षी कापडाचे व्यापारी पदमशी शेठ दौडीत उतरले. अंगाने जड, उभ्या आयुष्यात कधी धावलेले नाहीत. दिवेलागणीला, सगळ्यांत शेवटी, ते वेशीत पोचले. तळपायांना फोड आले होते. पण सगळ्या पेठेने त्यांच्या नावाने धान्य दिले आणि रुग्णशाळेचे कोठार भरले. लोकांनी शेठना खांद्यावर घेतले. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "शेठनी पाय फोडून गरिबांना जेवू घातलं, आणि तोडा कोणाला? सुभानाला!"

ही गोष्ट दरबारापर्यंत गेली. राजाने शास्त्रींना विचारले. शास्त्रींनी तीन दिवस पोथ्या चाळल्या. त्यांना दोन्ही बाजूंचे आधार सापडले. शेवटी ते म्हणाले, "जो दुसऱ्यासाठी धावतो त्याचा गौरव व्हावा. जो स्वतःसाठी धावतो त्याला खजिन्यातून काही देऊ नये. तोड्याचे सोने रुग्णशाळेला जावे."

दरबार वाहवा म्हणाला. शास्त्री घरी आले आणि पानावरून तसेच उठले.

संध्याकाळी सुभाना त्यांच्या दारात उभा राहिला.

"शास्त्रीबुवा, शेठ गरिबांसाठी धावले, खरं आहे. मीपण गरिबासाठीच धावतो. माझा गरीब माझ्या घरात राहतो, एवढाच फरक."

"मग पुढच्या वर्षी धर्मासाठी धाव, सुभाना. लोक तुलाही खांद्यावर घेतील."

"घेतील की. पण खाली कधी उतरवतील तेवढं सांगा. जेवायला मला खालीच यावं लागेल."

शास्त्री पुन्हा पोथी उघडून बसले.

धावण्याचा धंदा करणारे बाकीचे दुसऱ्या नगरांच्या दौडींना निघून गेले. सुभानाची आई अंथरुणाला खिळलेली. त्याला गाव सोडता येईना. तो मिठाच्या वखारीत पोती वाहू लागला.

पुढच्या वर्षी दौडीच्या दिवशी शास्त्री रुग्णशाळेत जाऊन बसले. आपल्या निवाड्याने कोणाचे तरी भले झाले, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. कोठार काठोकाठ भरले होते. त्यांना जरा बरे वाटले. इतक्यात ढोल वाजले. दौडीचा रस्ता रुग्णशाळेच्या खिडकीखालूनच जात असे. धावणारे येऊ लागले, पण खाटांवरची माणसे उठली नाहीत.

वेशीपाशी मिरच्या विकणारी ठकूआजी पाय मोडून तिथे पडली होती. वैद्यांनी हाड सांधून तीन महिने झाले होते, तरी ती पाऊल जमिनीला लावत नव्हती.

"आजी, दौड आली. बघायची नाही?" शास्त्रींनी विचारले.

"दिसतेय की इथूनच. शेठ चाललेत. हे बघ बाबा, अजून खिडकीतच आहेत!"

खाटांवर हशा पिकला. शेठनी वर पाहून हात जोडले आणि घाम पुसत पुढे गेले.

"सुभाना कसा नाही दिसला?" आजीने विचारले.

"तो यंदा धावत नाही."

"मग उठू कशाला?" असे म्हणून आजीने भिंतीकडे तोंड केले.

वैद्य शास्त्रींना बाजूला घेऊन म्हणाले, "बुवा, मोडलेलं हाड मला सांधता येतं. पाय टेकायची भीती नाही काढता येत. त्यासाठी मला हा दिवस लागतो. हळू जाणारा माणूस पडल्यापडल्या दिसतो. सुभाना पापणी लवायच्या आत निघून जातो. त्याला बघायचं तर आधीच उठून खिडकीशी उभं राहावं लागतं. गेल्या वर्षी अकरा जण उभे राहिले. पुढे नऊ जण आपल्या पायांनी घरी गेले."

"आणि यंदा?"

"यंदा कोणीच उठलं नाही."

दुसऱ्या दिवशी शास्त्री भर दरबारात उभे राहिले. "महाराज, माझा निवाडा चुकला."

"चुकला कसा? कोठार तर भरलं!" राजा म्हणाला.

"भरलं. शेठचं देणं मोठंच आहे. पण ते मोठं ठरावं म्हणून सुभानाचं काढून घ्यायला नको होतं. दोघांना एका तराजूत घातलं, तिथे मी चुकलो."

एक सरदार हसला. "आणि हेही उद्या चुकीचं निघालं तर?"

"तर पुन्हा इथे येऊन सांगेन."

तेव्हा पदमशी शेठ उठले. "महाराज, गरीब माझ्या नावाने जेवला, त्यात मला आनंद आहे. पण ते सुभानाच्या चुलीवरून उचलून आणलेलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

राजाने सोन्याचा तोडा पुन्हा सुरू केला. शास्त्रींच्या विनंतीवरून दुसऱ्या येणाऱ्याला चांदीचा तोडा ठेवला. शास्त्री स्वतः वखारीत सांगायला गेले. सुभानाने पाठीवरचे पोते उतरवले.

"वर्षभर ओझं वाहिलंय, बुवा. आता हे पाय माझं ऐकतील का, कोण जाणे."

तिसऱ्या हिवाळ्यात रुग्णशाळेच्या खिडकीशी उभे राहायला जागा उरली नाही. ठकूआजी अजून तिथेच होती. गज धरून, दोन्ही पायांवर, ती सगळ्यांच्या पुढे उभी होती. शेजारी शास्त्री होते. आधी परगावचा एक तरुण वाऱ्यासारखा गेला. त्याच्यामागून सुभाना गेला. शेवटपर्यंत तो दुसराच राहिला. चांदीच्या तोड्यावर त्याचे निम्मे वर्ष निघणार होते.

शास्त्रींनी मान खाली घातली. "आजी, माझ्यामुळे तो मागे पडला."

आजी रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "यंदा जरा जास्त वेळ दिसला."

आणि गज सोडून, कोणाचाही हात न धरता, ती आपल्या खाटेकडे चालत गेली.

शास्त्रींना त्या दिवशीही जेवण गेले नाही.

तात्पर्य: दान करणाऱ्याचा गौरव जरूर करावा, पण त्यासाठी कसबी माणसाचा मोबदला तोडू नये. त्याच्या कसबातून कोणाला काय मिळते, हे तोडणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. आणि चूक कबूल केली तरी गेलेले वर्ष परत देता येत नाही.