खेकड्याची झालर

एका खाडीच्या तोंडाशी, खडकाच्या आडोशाला एक खेकडा बायकोसोबत राहायचा. नखाएवढाच, पण ऐट विचारू नका.

त्याच्या पाठीवर बारीक बारीक आकडे होते. रोज सकाळी तो शेवाळ तोडायचा, चावून मऊ करायचा आणि त्या आकड्यांत अडकवायचा. असा नटून बसला, की शेवाळ कुठलं आणि खेकडा कुठला, कुणाला कळायचं नाही. त्याच्या जातीचे सगळे याच युक्तीवर जगत. याचं दुखणं मात्र वेगळंच.

"एवढं सजायचं आणि कुणी बघायचंही नाही?" तो कुरकुरायचा.

"अहो, बघितलं की गिळतात," बायको म्हणायची आणि त्याच्या पाठीवर कडू स्पंजाचा एक तुकडा चिकटवायची. "सगळी शोभा घालवलीस," म्हणत तो तोंड वाकडं करायचा, पण तुकडा काढायची काही हिंमत नव्हती.

एके दिवशी एक तांबोशी मासा तिथे आला. भुकेला आणि बेरकी. खडकावर शेवाळाचे पुंजकेच पुंजके. यातच कुठेतरी खेकडा आहे हे त्याला ठाऊक होतं, पण कुठे? त्याने जरा विचार केला आणि एका खऱ्याखुऱ्या पुंजक्यासमोर जाऊन म्हणाला, "काय हात आहे खेकडेबुवांचा. अशी कारागिरी उभ्या खाडीत पाहिली नाही."

शेजारीच बसलेल्या खेकड्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोने हळूच नांगी टोचली. "गप्प बसा," ती पुटपुटली. तो कसाबसा गप्प बसला.

"आणि ही झालर तर बघतच राहावी," मासा म्हणाला.

आता मात्र खेकड्याला राहवेना. "अहो, ते नुसतं उगवलेलं शेवाळ आहे," तो ओरडला. "झालर इकडे आहे!"

"हो का?" म्हणत मासा वळला आणि त्याने झडप घातली. दाताखाली आला तो नेमका कडू स्पंज. थू थू करत त्याने खेकड्याला बाहेर टाकलं आणि चूळ भरायला खोल पाण्यात पळाला.

खेकड्याचा एक पाय गेला, झालरही गेली. बायको रडली, मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बोलता बोलताच तिने त्याला नवं शेवाळ चढवलं. या वेळी स्पंजाचे दोन तुकडे लावले. त्याने स्वतःहून पाठ पुढे केली.

काही दिवसांनी तोच मासा पुन्हा आला. सगळे पुंजके नीट न्याहाळून झाल्यावर वैतागून म्हणाला, "छे, इथे कुणी खेकडा राहत नाही."

खेकड्याने हळूच बायकोकडे बघितलं. एवढं मोठं कौतुक त्याचं आजवर कुणी केलं नव्हतं.

तात्पर्य: ज्याचं कामच न दिसण्याचं, त्याने 'दिसला नाही' हीच शाबासकी समजावी.