तीन कोरी पानं

"दोन दिवस थांबलो तर काय बिघडणार आहे, गुरुजी?" जात्मिको विचारत होता.

जावा बेटावरच्या सेपुह नावाच्या ज्वालामुखीच्या कुशीतलं ते गाव. सकाळपासून राख भुरभुरत होती, पीठ चाळल्यासारखी, बिनआवाज. केळीची पानं, गाईंच्या पाठी, अंगणातला मांडव... सगळं करडं आणि मऊ झालं होतं. झोपेत कुणी कूस बदलावी तसा डोंगर मधूनच घुमे. मांडवाखाली बायका जाईचे गजरे ओवत गात होत्या. जात्मिकोच्या बहिणीचं, रत्मीचं, परवा लग्न होतं.

विर्योगुरुजी डोंगराचे राखणदार. त्यांनी सांगायचं, शिष्याने, म्हणजे जात्मिकोने, घंटा वाजवायची, आणि गावाने हातातलं टाकून नदीकाठी उतरायचं, अशी रीत.

गुरुजींनी पहाटेच सांगितलं होतं. घंटा अजून गप्प होती.

"मी उगाच बोलत नाही," जात्मिको म्हणाला. त्याला आपल्या पाठांतराचा भारी तोरा. नदीकाठच्या देवळात ठेवलेली ताडपत्रांची पोथी तो काल मुद्दाम वर घेऊन आला होता. "नऊ उद्रेक मला तोंडपाठ आहेत. दर वेळी डोंगर आधी घुमला, आणि आग आली ती पाचव्या दिवशी. त्याआधी एकदाही नाही. आज दुसराच दिवस."

"पोथीचा दोरा सोड," गुरुजी म्हणाले.

त्याने सोडला.

"पानं किती?"

"बारा. राखणदार नेमला की त्याचं एक कोरं पान ओवतात."

"तू तर नऊ म्हणालास."

"तीन कोरी आहेत. त्यांच्या काळात डोंगर झोपून राहिला असेल. नशीबवान होते."

गुरुजी हसले.

"राखणदार आपलं पान लिहितो कधी?"

"लोकांना उतरवल्यावर. खाली, नदीकाठी बसून..."

जात्मिको मध्येच थांबला. जे खाली पोचलेच नाहीत, त्यांनी पान लिहायचं कसं? मांडवातलं गाणं एकाएकी फार जवळून ऐकू यायला लागलं.

दोन कोरी पानं त्याने हळूच बाजूला ठेवली. मग तिसरं उचललं.

"आणि हे... हे कुणाचं?"

गुरुजींनी फुंकर मारून त्यावरची राख उडवली.

"माझं. कोरंच ठेवू का, ते रत्मीला विचारून ये."