आडवेळची उघडी चौकट

आडवेळच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, माडांच्या शेवटच्या ओळीपाशी, एका दाराची चौकट उभी आहे. नुसती चौकट. तिला दार नाही, दाराला घर नाही, घराला भिंत नाही. फणसाचं लाकूड, पाण्यापावसात काळं पडलेलं. एका बाजूने पाहिलं तर तिच्यात समुद्र दिसतो, दुसऱ्या बाजूने गाव. दोन्ही उभ्या खांबांना सात-सात भोकं आहेत, खिळ्यांची. बाहेरगावचे पाहुणे तिच्यात उभे राहून फोटो काढतात. गाव त्याला काही म्हणत नाही, पण कोणी जरा जास्तच रेंगाळलं, तर दाजी तारी आपल्या पडवीतून हाक देतात, "दारात उभे रवा नकात. येणाऱ्याची वाट सोडा."

येणारं कोण, असं विचारलं की दाजी आधी बसायला सांगतात. उभ्या माणसाला ते ही गोष्ट सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट पाहुण्याच्या लक्षात निघताना येते. आडवेळात निरोप घेताना कोणी 'येतो' म्हणत नाही. चार गावांत 'जातो' म्हटलं तर घरातलं थोरलं माणूस 'शुभ बोल रे' म्हणून डोळे वटारतं. इथे उलटं. इथे 'येतो' म्हटलं की यजमानाचा चेहरा उतरतो. चौकटीचं आणि ह्या रीतीचं मूळ एकच, असं सांगतात.

फार वर्षं झाली. दाजींच्या पणजोबांनी ही गोष्ट म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली, म्हणजे बघा. गावात भागो मेस्त नावाचा सुतार होता. आईबाप पटकीच्या साथीत गेले आणि भागो पोरका झाला, तेव्हा त्याला पेज घालून वाढवलं ते आवडूकाकीने. काकी त्याच्या नात्यातली नव्हे की भावकीतली नव्हे. पुळणीवरच्या शेवटच्या घरात एकटीच राहणारी विधवा बाई. पुढे भागोच्या हाताला वळण आलं आणि त्याने स्वतःच्या बळावर पहिली चौकट केली, ती तिच्या घराची.

भागोचा हात असा, की त्याने मारलेला खिळा मुंगीला हलवता येईल पण माणसाला नाही, असं गावात थट्टेने म्हणत. भागोला ते आवडायचं. गुणी माणसाला आपल्या गुणाचा थोडा तरी ताठा असतोच.

काकीचा गुडघा मात्र पार गेलेला. दारातून हाक मारली की आतून आवाज यायचा, "येतंय, येतंय." मग काठीची टकटक. मग थांबणं. मग पुन्हा टकटक. आळीतल्या बायका हसायच्या, काकीचं 'येतंय' ऐकावं आणि चुलीवर पेज ठेवून यावी. भागो हसायचा नाही. तो उंबऱ्यावर बसून वाट बघायचा. तिची वाट बघण्यात त्याचं बालपण गेलं होतं.

एका वर्षी पावसाळा सरता सरता वादळ आलं. सकाळी सुरू झालं ते दुपारपर्यंत गावातल्या निम्म्या घरांची दारं खिडक्या घेऊन गेलं. आणि मग एकदम थांबलं. वारा नाही, पाऊस नाही, समुद्र दूरवर गुरगुरतोय एवढंच. पोरंबाळं बाहेर पडून माडाचे नारळ गोळा करू लागली. देवळाचा म्हातारा गुरव तेवढा ओरडत फिरत होता, "वारो गेलो नाय रे. फिरान येतलो. आता समुद्राकडसून येतलो."

वारा घरात शिरला की छप्पर वरच्या वर उचलतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बायकामाणसांनी टेकडीवरच्या देवळाची वाट धरली आणि पुरुष दारं खिडक्या बंद करायला धावले. बंद करायला दारं होती कुठे? मग भागोला हाका सुरू झाल्या. भागो खांद्याला पिशवी लावून घरोघर पळत होता. मिळेल ते लाकूड घेऊन तो आडव्या फळ्या ठोकत होता. होडीच्या फळ्या, जेवणाचे पाट, खाटेच्या पट्ट्या, एका घरी तर पाळण्याचा तळ. एका फळीला दोन खिळे, इकडे एक, तिकडे एक, की पुढचं घर. ठोकून ठोकून त्याचे कान बधिर झाले होते.

शेवटचं घर आवडूकाकीचं. पुढचं दार बिजागऱ्यांसकट उडून गेलं होतं, चौकट तेवढी त्याच्या हातची, जागच्या जागी. मागच्या वाटेने चार बायका पदर डोक्यावर घेऊन टेकडी चढताना त्याला लांबून दिसल्या. तरी त्याने चौकटीतून आत हाक दिली.

"काकी गो, जातंस मा देवळात?"

आतून आवाज आला, "येतंय रे."

एवढंच. दाजी इथे थांबतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. कारण आपल्या भाषेत घरातून निघणारा माणूसही 'येतो' म्हणतो आणि हाकेला ओ देऊन येणाराही 'येतो'च म्हणतो. भागोने विचारलं, जातेस ना? आणि ऐकलं, येते. त्याला वाटलं काकी निरोप घेऊन मागल्या दाराने निघाली, त्या चार बायकांच्या मागोमाग. दुसऱ्या कोणाही दिवशी तो उंबऱ्यावर बसला असता. त्या दिवशी समुद्राच्या पोटातून आवाज यायला लागला होता. त्याने फळी उचलली.

ठोकताना त्याला एक गोष्ट जाणवली होती. हातोड्याचा ठोका पडला की आतूनही एक ठोका यायचा. रिकामं घर घुमतंय, असं त्याने मनाशी म्हटलं. सात फळ्या ठोकल्या, सातवी सर्वांत घट्ट, आणि तो टेकडीकडे धावत सुटला.

देवळात माणसांत माणूस मावत नव्हतं. भागोने सगळीकडे नजर टाकली. मग त्या चार बायकांना गाठलं.

"आवडूकाकी खंय आसा? तुमच्यावांगडा इली मा?"

"नाय बा," त्यांच्यातली एक म्हणाली. "तिच्या मागल्या दारार तर माड पडलोहा. आमका वाटला, तू पुढल्या दारान तिका घेवन येतलंस."

भागो दाराकडे धावला तेव्हा वारा फिरला होता. पाच जणांनी त्याला धरून ठेवलं. तो त्यांना चावला, म्हणे. पण धरलेला सोडला नाही कोणी, आणि त्यासाठी त्याने त्यांना मरेपर्यंत माफ केलं नाही.

उजाडलं तेव्हा पुळणीवर घरं नव्हती. पाणी माडांपर्यंत येऊन गेलं होतं. काकीच्या घराच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या, छप्पर खाडीत सापडलं. उभी होती ती चौकट आणि तिच्यावरच्या सात फळ्या. एकही खिळा हलला नव्हता. फळ्यांच्या आतल्या अंगाला काकी बसलेली सापडली, काखेत कपड्यांचं गाठोडं, हातात काठी. तिसऱ्या फळीला आतून काठीच्या टोकाचे खळगे पडले होते. भागोने ते मोजले नाहीत. त्याला एकच गोष्ट खात राहिली. आपण ठोकत असताना काकी घाबरली नसेल. तिला वाटलं असेल, भागो आहे, काहीतरी दुरुस्त करतोय, झालं की उघडेल.

त्याने स्वतःच्या हाताने फळ्या काढल्या. खिळे निघेनात, तेव्हा म्हणे तो गुडघ्यावर बसून रडला.

गाव पुन्हा उभं राहायचं म्हणजे सुताराशिवाय कसं राहणार? महिन्याभराने लोकांनी त्याच्या हातात हातोडा दिला. पहिला ठोका मारला एका होडीवर. होडी वाळूत पालथी घातलेली, खाली रिकामी जागा. भागोने ठोका मारला आणि खालून ठोका आला. दुसरा मारला, दुसरा आला. होडीचा मालक पाच पावलं मागे सरला. मग खालून, अगदी सावकाश, आवाज आला, "येतंय रे."

लोकांनी होडी उलटून पाहिली. वाळू होती, आणि वाळूत काठी टेकवल्यासारखा एक खळगा.

त्यानंतर जिथे भागो ठोकायचा तिथे हेच. नव्या दाराला, गोठ्याच्या मेढीला, नुसत्या पाटाला खिळा मारला तरी. गुरवाने कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, पण कौल उजवीकडेही पडेना आणि डावीकडेही पडेना. लोक म्हणायला लागले, काकी सूड घेतेय. भागो म्हणायचा, "सूड नाय. ती हाकेक ओ देता हा. हाक मीच मारलेली." त्याने हातोडा आढ्याला टांगला आणि तीन वर्षं तो फक्त नारळ सोलून जगला. माणसाचा हुन्नर गेला की निम्मा माणूस जातो. भागो वाळत चालला.

तिसऱ्या वर्षी वादळ पुन्हा आलं. ह्या वेळी गाव शहाणं झालं होतं, पहिल्या फटक्यालाच सगळे देवळात. पण वाऱ्याने देवळाचंच दार फोडलं. दोन्ही फळं, म्हणजे दाराच्या झडपा, तुटून सभामंडपात पडली आणि आत दीडशे जीव, अंगावरची तान्ही धरून. गुरव भागोसमोर उभा राहिला. "हातोडो घी रे. ह्या देऊळ उडाला तर गाव रवाचा नाय."

भागोने हातोडा घेतला. तुटलेल्या दाराच्याच फळ्या आतल्या बाजूने आडव्या लावायला सुरुवात केली. पहिला ठोका पडला आणि बाहेरून, वादळातून, ठोका आला. सगळ्यांनी ऐकला. आया पोरांचे कान झाकू लागल्या. भागो थांबला नाही. एक, दोन, तीन, करत सहा फळ्या ठोकून झाल्या. सातव्या फळीपुरती मधे फट राहिली, माणूस वाकून आत येईल एवढी. भागोने सातवी फळी उचलली, लावायला धरली, आणि बाहेरून आवाज आला, "येतंय रे."

भागोने फळी खाली ठेवली.

"लाव रे मेल्या," लोक ओरडले. "पोरां भिजान मरतली."

"ती येता हा," भागो म्हणाला. "तिचो गुडघो दुखता. वेळ लागतलो."

तो त्या फटीत उभा राहिला. पाठ वाऱ्याला दिली, म्हणजे आत कमी वारा जावा. पाऊस त्याच्या पाठीवर असा बसत होता की सदऱ्याच्या चिंध्या झाल्या. छपराची कौलं वाजू लागली. कोणीतरी पुढे सरून त्याला ओढायला गेलं, पण गुरवाने हात आडवा धरला. मागे एकदा त्याला धरून ठेवलं होतं, त्याचं फळ गाव तीन वर्षं भोगत होतं.

"सावकाश ये, काकी," भागो मान बाहेर वळवून म्हणत होता. "मी उबो आसंय. घाई नाय."

मग लोकांनी ऐकली टकटक. इतक्या वाऱ्यातही ऐकू आली, असं सांगतात. पायऱ्यांच्या खाली. मग थांबणं. मग पहिली पायरी. पुन्हा थांबणं. अकरा पायऱ्या आहेत त्या देवळाला, तुम्ही मोजा हवं तर. अकरा पायऱ्या चढायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. ज्या बायका पूर्वी पेजेची थट्टा करायच्या, त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. शेवटी काठी उंबऱ्याला लागली. भागो अंग चोरून बाजूला झाला. दिसलं कोणालाच काही नाही. फरशीवर ओल्या पावलांची एक रांग उमटली, डावं पाऊल पूर्ण, उजवं नुसत्या चवड्याचं, आणि समईपाशी जाऊन थांबली.

"इलंस, काकी?" भागोने विचारलं.

"इलंय रे," आवाज आला.

त्याने सातवी फळी लावली आणि ठोकली. बाहेरून ठोका आला नाही. देऊळ राहिलं, दीडशे माणसं राहिली.

पुढे भागोचा संसार झाला, आणि म्हातारा होईपर्यंत तो सुतारकाम करत होता. त्याने गावाला दोन गोष्टी घालून दिल्या. वादळात कोणाचंही दार खिडकी ठोकायची, तर आधी आत जाऊन प्रत्येक खोलीत उभं राहून यायचं. नुसत्या हाकेवर भागवायचं नाही. आणि निघणाऱ्याने 'जातंय' म्हणायचं. 'येतंय' फक्त येणाऱ्याने म्हणायचं, आणि म्हटलं तर तो आत येईपर्यंत दार लावायचं नाही.

काकीच्या चौकटीला त्याला नवं दार बसवायचं होतं. फळं तासून तयारही होती. पण त्याच आठवड्यात तो अंथरुणाला खिळला. एका सकाळी सून पेज घेऊन आली तर भागो दाराकडे बघत होता, जसं कोणी हाक मारली आहे. त्याने मान हलवली. "येतंय गो," म्हणाला, आणि गेला.

घरच्यांनी तयार दार चौकटीपाशी नेलं खरं. मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. भागो येतो म्हणाला होता, आणि त्याचं जन्मभराचं वाट बघणंही त्याच उंबऱ्यावर सुरू झालं होतं. ते दार कोण लावणार? त्यांनी ते परत आणलं.

आजही दर वर्षी पावसाळ्याआधी गाव त्या चौकटीला तेल लावतं, वाळवी लागली तर लाकूड बदलतं, भोकं मात्र पुन्हा तशीच पाडतं. दार बसवत नाही. आजही वादळाची वर्दी आली की आडवेळचे लोक फळ्या घेऊन घरोघर फिरतात आणि ठोकण्याआधी प्रत्येक खोलीत जाऊन येतात. आणि पाहुणा ही सगळी गोष्ट ऐकून उठतो, चपला घालतो, आणि सवयीने म्हणतोच, "बरं दाजी, येतो."

पाहुण्याची गाडी खाडीचा पूल ओलांडून जाते, दिवेलागण होते, घरात डास शिरतात. सून दार लावायला येते, तेव्हा दाजी हात वर करून तिला थांबवतात.