वरवंट्याला टाकी लागली

घरोघर चटणी पाट्यावर वाटली जायची, तेव्हाची ही गोष्ट.

सगुणाबाईंचा पाटा एके दिवशी मधोमध चिरला. चाळीस वर्षं त्याच्या खोलगट अंगावर घासून वरवंट्याचं पोट फुगीर झालं होतं, आणि टोकांना सगुणाबाईंच्या तळव्यांचे खळगे पडले होते. घरातल्या प्रत्येक बारशाला या वरवंट्याला कुंची घालून बाळासारखं मिरवलं होतं.

नवा पाटा आला, अगदी सपाट. त्याच्यावर वरवंटा नुसता डुगडुगायचा आणि लसूण भरड राहायचा.

"वाकडे झालात हो तुम्ही," नवा पाटा म्हणाला. "टाकी लावून घ्या, सरळ व्हाल."

"वाकडा नाही रे बाबा, मी जुन्या पाट्याजोगा झालोय."

पण वाटताना सगुणाबाईंचे खांदे भरून येऊ लागले. ते बघवेना, म्हणून दारी टाकीवाला आला तेव्हा वरवंटा छिन्नीखाली मुकाट पडून राहिला. उडालेल्या भुकटीला लसणातिळाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी चटणी झटक्यात बारीक झाली. सगुणाबाईंचे तळवे मात्र टोकांवर जुने खळगे शोधत चाचपडत राहिले.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "हा कुणाचा वरवंटा गं?"

वरवंट्यालाही ते सांगता येईना.