आवळणारा मुकुट

एका राज्यात देव एकच होता आणि त्याच्यावरून भांडणारे पंथ दोन. दीपपंथी त्याला दिवा लावून पुजीत, घंटापंथी घंटा वाजवून. राजाने दीपपंथी राणीला टाकले आणि घंटेच्या साक्षीने दुसरी केली. पहिली मंत्रविद्या जाणणारी. जाताना तिने मुकुटाला शाप दिला: जो आपले रक्त नाकारील, त्याचे कपाळ हा आवळील.

शाप नवऱ्याला दिला, लागला लेकीला. राजा वारला आणि पहिलीची मुलगी ताम्रलेखा गादीवर बसली. दुसरीची मुलगी मंजुघोषा. दिव्यांच्या पुजाऱ्यांनी निवाडा दिला की घंटेचे लग्न लग्नच नव्हे. म्हणून मंजुघोषा राणीची बहीण नव्हे, ‘त्या बाईची मुलगी’. त्या लग्नाच्या पंगतीत याच पुजाऱ्यांनी लाडू मागून घेतले होते.

ताम्रलेखाचे दुःख निराळे. धाकटी रस्त्याने निघाली की माणसे दारात येत; ती स्वतः निघाली की दारे लागत. तिने धाकटीला ‘त्या बाईची’ म्हणावे आणि मुकुट आवळावा.

शेवटी तिने मंजुघोषाला तीन कामे सांगितली. चुकली तर सूळ. जळत्या डोंगरावरचे निखाऱ्याचे फूल आण. तिने ओंजळीत आणले. नागाच्या फण्यावरचा मणी आण. नागाने आपणहून दिला. मुकुट कपाळात रुतला.

तिसरे काम भर दरबारात.

“घंटा मुकी आहे, असे म्हण,” राणी म्हणाली.

नाही म्हटले तर सूळ. म्हटले तर तिचे लोक तिला सोडणार.

“मुकीच आहे, ताईसाहेब. हात लागेपर्यंत. दिवाही तोवर आंधळाच.”

दरबार हसला. दीपपंथीही हसले. ताम्रलेखाच्या कानशिलातून रक्त आले.

सिंहासनावर कोरलेली साळुंकी बोलली, “राणीसाहेब, ही आपली कोण, ते सांगा. नाहीतर डोके फुटेल.”

बहीण म्हणायचे, म्हणजे ते लग्न खरे, ती घंटा खरी; आणि ताम्रलेखाला मूल नव्हते, म्हणजे पुढे गादीही तिचीच. पुजारी खुणावत होते, बोलू नका. डोके त्यांचे नव्हते.

“बहीण,” ताम्रलेखा म्हणाली. “माझी धाकटी बहीण.”

मुकुट घरंगळून खाली पडला. मंजुघोषाने तो उचलला, पुसला आणि थोरलीच्याच डोक्यावर ठेवला. तो सैल बसला.

“तू माझ्याहून बरे राज्य करशील,” ताम्रलेखा म्हणाली. “तेवढे मी मेल्यावर कर.”

मंजुघोषाने तोवर थांबून तसेच केले. तिच्या राज्यात देवळाच्या पायरीवर कोणाला पंथ विचारला गेला नाही.