थॉर्नली साहेबाचा जबाब

“आणि मी खोटं सांगितलं तर?” थॉर्नली साहेबाने विचारलं.

धाकोजी तांडेलाने जाळ्यावरची नजर वर केली नाही. “सांग की. तोंड तुझं आहे.”

“तुम्ही रागावणार नाही?”

“मी कोण रागावणारा? आधी बस बघू. उभ्याने बोलणाऱ्या माणसाचं मला अर्धंच ऐकू येतं.”

साहेब वाळूत बसला. पांढराशुभ्र गणवेश, सोनेरी पट्ट्या, आणि बसला तो थेट सुकटीच्या टोपलीशेजारी. देवखोल बंदराला याचं नवल उरलं नव्हतं. सन एकोणीसशे नऊची ही गोष्ट. तीन वर्षं हा साहेब सरकारी जहाज घेऊन किनाऱ्याची मोजणी करायला यायचा. कुठे किती पाणी, कुठे खडक, सगळं नकाशावर उतरवायचा, आणि वाट दाखवायला धाकोजीला जहाजावर घ्यायचा. पहिल्याच वर्षी तो धाकोजीला म्हणाला होता, मला हा दर्या शिकवा. धाकोजीने त्याला महिनाभर होडीत बसवून नुसतं वल्हं मारायला लावलं. हाताला फोड आले, पण पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून अख्खं जहाज ज्याला सलाम ठोकायचं त्याला हा म्हातारा अरेतुरे करायचा, आणि खरं सांगायचं तर साहेबाला ते फार आवडायचं.

आज मात्र त्याचा चेहरा पार उतरला होता.

“गुरुवारी मुंबईला कोर्ट बसणार आहे. आरमाराचं. मी जहाज खडकावर घातलं म्हणून.”

“घातलंस खरं.”

“आमच्यात एक रीत आहे, तांडेल. चौकशी चालू असते तेव्हा अधिकाऱ्याची तलवार टेबलावर आडवी ठेवतात. निकाल लागला की त्याला आत बोलावतात. मूठ त्याच्याकडे असली तर तो सुटला. टोक त्याच्याकडे असलं तर...”

“तर?”

“तर संपलं सगळं.” साहेबाने वाळूची मूठ भरली, सोडून दिली. “तेराव्या वर्षी मी आरमारात गेलो. आई धक्क्यावर उभी होती. रडू येईल म्हणून मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चीनचा दर्या पाहिला, माल्टाला चार वर्षं काढली, झांजिबारला तापाने मरता मरता वाचलो. एकवीस वर्षं झाली. वडील आरमारात, आजोबा आरमारात. मला दुसरं काही येत नाही हो!”

धाकोजीने हातातलं जाळं खाली ठेवलं.

“मग कोर्टाला काय सांगायचंय तुला?”

साहेब बुटाच्या टाचेने वाळू उकरू लागला.

सांगणं त्याला जड जात होतं, आणि का, ते ऐका. महिन्यापूर्वी जहाज याच बंदरात शिरत होतं. धाकोजी साहेबाच्या शेजारी उभा. देवळाची दीपमाळ बुरुजाआड गेली की जहाज बाहेरच्या अंगाला वळवायचं, नाहीतर पाण्याखाली म्हातारी नावाचा खडक बसला आहे, हे बंदरावर कुणालाही विचारा. धाकोजीने वळवायला सांगितलं. साहेबाने नकाशा पाहिला. नकाशावर तिथे चाळीस हात पाणी, आणि नकाशा दुसऱ्या कुणाचा नव्हे, खुद्द साहेबाने काढलेला! दोरीला शिसं बांधून, पाण्यात सोडून सोडून, दोन हिवाळे खपून त्याने तो केला होता. पण दोरी जिथे जिथे सोडली, त्यातल्या दोन जागांच्या मधोमध म्हातारी आपली निवांत बसून राहिलेली. साहेब वळला नाही. जहाजाचा तळ टराटरा फाटला. माणसं वाचली आणि जहाज कसंबसं वाळूवर नेऊन टेकवता आलं, एवढंच नशीब.

“वाटाड्याने खूण चुकीची सांगितली असं म्हटलं,” साहेब खाली मान घालून म्हणाला, “तर मला चार शब्द ऐकवतील आणि सोडून देतील.”

“आणि वाटाड्याला?”

“...परवाना काढून घेतील.”

“हं.”

पुढचंही साहेबाला ठाऊक होतं. परवाना गेला की किनाऱ्यावरचा एकही मचवा धाकोजीला घेणार नाही. त्याचे दोन्ही मुलगे बापाच्या नावावर गलबतांवर लागले होते, तेही घरी बसतील. चाळीस वर्षं ज्याच्या हातून एक होडी बुडाली नाही, त्याच्या नावाला कायमचा बट्टा लागेल.

“खिशात काय आहे रे?” धाकोजीने विचारलं.

“कागद.”

“आणि ती डबी?”

साहेब कानापर्यंत लाल झाला. डबीत शाईची गादी होती. अंगठा उठवायची.

“अस्सं! म्हणजे स्वारी सल्ला विचारायला आलीच नाही.” धाकोजी खो खो हसला. “अरे भल्या माणसा, मग एवढं चऱ्हाट कशाला लावलंस? आण इकडे.”

साहेबाने कागद काढले. दोन होते. एकावर इंग्रजीत सगळं लिहून तयार. दुसरा कोरा, नकलेसाठी आणलेला. धाकोजीने गादीवर अंगठा दाबला, लिहिलेला कागद बाजूला सारला आणि कोऱ्या कागदाच्या अगदी तळाशी अंगठा उठवला.

“तांडेल, हा नाही! याच्यावर काही लिहिलेलंच नाही.”

“मग लिही की. वर भरपूर जागा सोडलीय.”

“पण काय लिहू?”

“ते मला काय विचारतोस? मला वाचता येत नाही, तुला येतं.” धाकोजीने पुन्हा जाळं ओढून घेतलं. “तीन वर्षं मी म्हणालो तिकडे तू जहाज वळवलंस. एकदा नाही वळवलंस. आता तू वळवशील तिकडे मी येतो.”

आणि म्हातारा जाळं सांधायला लागला...

साहेब त्या कागदाकडे बघत बसला. याने शिव्या घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं! हा भांडला असता, मुलांची नावं घेऊन गयावया करत पाया पडला असता, तर साहेबाला कठोर होता आलं असतं. ते आरमाराने त्याला चांगलं शिकवलं होतं. या कोऱ्या कागदाचं काय करायचं ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

भरती चढत होती. पाणी बुटांना लागलं तरी तो हलला नाही.

“त्या दिवशी तुम्ही सुकाणूवर झडप का नाही घातलीत?” तो एकदम चिडून ओरडला. “मला ढकलून द्यायचं होतं!”

“देणार होतो,” धाकोजी म्हणाला. “पण तू त्या नकाशाकडे बघत होतास ना... पहिल्या लेकराकडे बघावं तसा. माझा हातच उचलला नाही बघ.”

साहेबाचे डोळे भरून आले. या म्हाताऱ्यावर आपला किती जीव आहे हे त्याला तेव्हा कळलं, आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने लिहिलेला कागद टराटरा फाडला. शेजारचं वल्हं मांडीवर घेतलं, त्याच्या पात्यावर कोरा कागद ठेवला आणि झरझर लिहीत सुटला. एका शब्दापाशी लेखणी जराशी अडखळली, मग पुढे गेली. तळाशी, त्या अंगठ्याच्या वर, त्याने आपली सही ठोकली.

सही होताच त्याला हलकं वाटलं. ऊर भरून आला. एकवीस वर्षांची नोकरी एका म्हाताऱ्या तांडेलासाठी पाण्यात सोडणारा माणूस अख्ख्या आरमारात दुसरा सापडायचा नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आलं होतं, कशाला लपवा?

“वाचून दाखवू?”

“दाखव.”

साहेब उठून ताठ उभा राहिला. एकेक वाक्य मराठीत करून सावकाश सांगू लागला.

“‘जहाज खडकावर गेलं तो दोष सर्वस्वी माझा. वाटाड्या धाकोजी याने योग्य खूण योग्य वेळी दाखवली. जहाज वळवा, असं त्याने मला दोनदा बजावलं. मी माझ्या नकाशावर विसंबलो आणि वळलो नाही. होईल ती शिक्षा मला मान्य आहे.’”

एवढं म्हणून तो थांबला. आता म्हातारा उठेल, पाठीवर हात ठेवेल, काहीतरी बोलेल...

धाकोजी खरंच उठला. जवळ आला. शाईने माखलेल्या अंगठ्याने त्याने साहेबाच्या गालावरचं पाणी पुसलं, तशी गोऱ्या गालावर निळी रेघ उमटली. मग वाचता न येणाऱ्या त्या कागदाकडे बोट करून तो हळूच म्हणाला,

“दोनदा नव्हे रे सायबा, तीनदा. तेवढं नीट कर.”